चतुर्दशीचा म्हाळ

आमच्या पेडणे महालातील घरी भाद्रपद वद्य चतुर्दशीला एक म्हाळ घालण्याची रीत आहे. ही तिथी शस्त्राने मृत्यू आलेल्यांची. इतर पितरांना त्या दिवशी पिंड देऊ नये, असे शास्त्र सांगते. आमच्या कुळात हा मान एकाच पुरुषाला आहे. आजोबांचे थोरले बंधू पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून मेसोपोटेमियात गेले आणि परतले नाहीत. घरात त्यांना ‘पलटणीतले आजोबा’ म्हणतात. लहानपणी आम्ही अंगणात कावळ्याची वाट पाहत उभे असू आणि वडील सांगत, ‘लढता लढता गेले, हातात तलवार होती.’

१९१५ साली शिपायाच्या हाती तलवार कुठली, हा प्रश्न आम्हाला पडायला साठी उलटावी लागली. सरकारी सेवेतील आमची बहुतेक वर्षे महसुली कागद तपासण्यात गेली. नोंद म्हणजे सत्य नव्हे, कोणी तरी कोणत्या तरी हेतूने केलेले लेखन होय, हे त्या नोकरीने आम्हाला शिकवले. मात्र ही शिकवण आम्ही घरच्या पेटीला कधी लावली नव्हती. निवृत्तीनंतर ती पेटी उघडली.

आमच्या घरामागच्या टेकडीवरून तेरेखोलचा किल्ला दिसतो. नदीच्या उत्तर तीरावरचा हा किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा; १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला. १८३५च्या बंडाळीत पेरिश द सिल्व्हा यांच्या पक्षाच्या शिपायांची येथे कत्तल झाली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला. सत्याग्रहींची आठवण आपण ठेवली, हे योग्यच झाले. कत्तल झालेल्या शिपायांची नावे मात्र कोणाच्या तोंडी नाहीत. पलटणीतले आजोबा याच नदीतून होडीने पलीकडे गेले. अलीकडे पोर्तुगीज राज्य, पलीकडे सावंतवाडी संस्थान. पण नाती, देवदेवस्की आणि बाजार दोन्ही तीरांना सामाईक. सावंतवाडीचे राजे बापूसाहेब महाराज स्वतः मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर गेले होते. आमच्या आजोबांना मात्र राजनिष्ठेने नेले, असे म्हणवत नाही. शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता आणि आमच्या वहीत त्या सालापर्यंत कर्जाचीच पाने अधिक आहेत.

पेटीत चार वस्तू निघाल्या. पहिली, चांदीचे युद्धपदक. त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि ‘११७ मराठाज’ ही पलटण कोरलेली. दुसरी, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्याची चकती. अशा चकत्या युद्धात मरण पावलेल्यांच्या घरी साम्राज्याने लाखोंनी पाठवल्या. त्यांवर केवळ नाव असे. हुद्दा मुद्दामच नसे, कारण मरणात लहानथोर नाही. आमची चकती कित्येक वर्षे देवघरात तेलाच्या बुधल्याखाली होती. तिसरी वस्तू म्हणजे मोडीतील जमाखर्चाची वही आणि चौथी पेन्शनच्या कागदांची जुडी.

मोडी वाचायला आम्ही म्हातारपणी शिकलो, त्यामुळे वहीला वेळ लागला. शके १८३७च्या कार्तिकापर्यंत ‘वेंगुर्ल्याहून मनिआर्डर, रुपये ५ जमा’ अशी दरमहा नोंद आहे. पुढे ती थांबते. इतिहास त्याच्याशी जुळतो. नोव्हेंबर १९१५ मध्ये टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफनला अडली आणि माघार घेऊन कूत-अल-अमारा येथे आली. ७ डिसेंबरला तुर्कांनी तिला वेढले. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. अनेक भारतीय शिपायांनी ते मांस नाकारले आणि खंगत गेले. हिंदुस्थानातील धर्ममार्तंडांकडून अनुज्ञा मागवावी लागली. अखेरीस एप्रिलमध्ये हजारोंनी ते खाल्ले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेले गेले आणि कित्येक भारतीय कैदी रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर लावले गेले.

आमच्या घरची आख्यायिका सांगते, ‘त्यांनी घोड्याला स्पर्श केला नाही.’ हे कोणी पाहिले? जगण्यासाठी त्यांनी तो घास खाल्ला असेल, तर आम्हाला ते अधिकच जवळचे वाटतील. पण मृताचे सोवळे जिवंत माणसे पाळतात.

१९१९च्या पावसाळ्यानंतर वहीत एक खर्च पडला आहे: ‘पलटणीतून आलेले गृहस्थ यांस भोजन, धोतरजोडी.’ त्याच पानात दुमडलेली एक चिठ्ठी होती. पणजोबांनी त्या गृहस्थांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या चारच ओळी. तात्पर्य असे की, कैदेत असता रेल्वेच्या कामावर हगवण लागली, अन्न नव्हते, उन्हाळ्यात गेला. दिवस सांगता येत नाही.

म्हणजे पणजोबांना सारे ठाऊक होते! तिथी अज्ञात असेल तर सर्वपित्री अमावास्या, हेही त्यांना भटजींनी सांगितलेच असणार. तरी त्यांनी चतुर्दशी निवडली आणि शंभर वर्षे आम्ही ती चालवली.

हा प्रश्न आम्ही घरात मांडला. आमच्या पुतण्याला अंगणात ‘रणांगणावर वीरमरण’ अशी फरशी बसवायची आहे, त्याने तो मोडीतच काढला. भटजींनी अमावास्येला कौल दिला. आम्ही स्वतः बरेच दिवस एका युक्तिवादावर रेंगाळलो. वेढा घालणाऱ्याचे खरे शस्त्र भूक असते. मग भुकेने मेलेला शस्त्रानेच मेला, असे का म्हणू नये? पणजोबांनी असाच विचार केला असेल काय? युक्तिवाद चांगला आहे. पण तो आम्हाला फार सोयीचा आहे, आणि कचेरीत सोयीच्या युक्तिवादावर आम्ही कधी सही केली नाही. मृताचे मोठेपण वाढवले की त्याच्या वंशजांचेही वाढते. तेव्हा खोट्या तिथीने त्यांचा सन्मान होतो की आमचा, हे आधी ठरले पाहिजे.

हे ठरवीत असतानाच आम्ही चौथी वस्तू, पेन्शनची जुडी, नीट पाहिली. तोवर ती पाहिली नव्हती, कारण तीत युद्ध नव्हते.

पलटणीतल्या आजोबांना पत्नी होती. मूल नव्हते. लग्न होऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच ते गेले. १९१६ ते १९१९ ती कुंकू लावून राहिली. धोतरजोडीच्या नोंदीनंतर पुढच्याच पानावर न्हाव्याला दिलेले पैसे लिहिले आहेत. त्यापुढे वहीत ती ‘थोरली’ या शब्दाने येते: ‘थोरलीस लुगडे’, ‘थोरलीस औषध’, आणि १९४३ साली ‘थोरलीच्या दिवसांचा खर्च’. वंशावळीत ती नाही. दर सहामाहीला वहीत ‘पेन्शन जमा’ आहे. ती विधवेची पेन्शन, तिच्या अंगठ्यावर मिळालेली. १९२७ साली त्या रकमेतून नदीकाठचे भाट घेतले गेले. खरेदीखत आमच्या आजोबांच्या एकट्याच्या नावे आहे. त्या भाटाच्या नारळांवर आमचे शिक्षण झाले.

बसऱ्याच्या युद्धस्मारकाविषयी आम्ही पूर्वी याच मंडळात त्वेषाने बोललो होतो. तेथे ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा गोऱ्या सैनिकांची नावे कोरली. भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्या. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ही विषमता आपल्या अहवालात कबूल केली. आमच्या घरच्या माणसाला साम्राज्याने आकडा केले, हे आमचे गाऱ्हाणे खरेच आहे. पण त्याच घरातील वहीने एका माणसाला ‘थोरली’ केले, आणि ती वही आम्हीच मोठ्या अभिमानाने रेशमी कापडात गुंडाळून ठेवली होती.

तिच्यासाठी कोणी म्हाळ घातला नाही. सवाष्ण म्हणून गेली नाही म्हणून अविधवा नवमी नाही, आणि मूल नाही म्हणून दुसरे कोणी नाही.

पेन्शनच्या एका पावतीवर, डाव्या अंगठ्याच्या पुसट ठशाशेजारी, तिचे नाव स्वच्छ लिहिलेले आहे. कारकुनाला ते लिहिणे भागच होते. आम्ही ते येथे छापत नाही. आधी ते घरात उच्चारले जावे, अशी इच्छा आहे. भटजींना विचारले तेव्हा ते म्हणाले, सर्वपित्री अमावास्येला दोघांचीही नावे घेता येतील. पुतण्या अजून रागावलेला आहे. भाटाच्या उताऱ्याचे काय करायचे, ते आम्ही भावंडे गणपतीत जमू तेव्हा पाहू.