परसातला प्रसाद



माघ सरत आला की आपल्या दिग्गीच्या परिसरातील पहाटेचा गारठा उन्हाबरोबर लवकर ओसरू लागतो. पंचांगाप्रमाणे माघ व फाल्गुन हे शिशिराचे महिने होत. वसंत चैत्रावाचून येत नाही. तथापि वसंतपंचमी मात्र माघ शुद्ध पंचमीसच येते, म्हणजे ऋतूच्या आगमनापूर्वी सुमारे दोन महिने. आम्हांस यात मोठा बोध दिसतो. आनंद दारात येऊन उभा राहील तेव्हाच त्यास ओळखावे, असे नव्हे. त्याची चाहूलही घेता आली पाहिजे. आणि ही चाहूल सर्वांआधी कोणास लागत असेल, तर ती बागेत राबणाऱ्या माणसास.

त्याचे सुख ते केवढेसे! सकाळी आळ्यातील माती हाताने मोकळी करावी, तो वर कोरडी भासणारी माती बोटभर खाली ओली लागते. मिरीच्या हिरव्या घोसात एकदोन मणी तांबडे झालेले दिसतात आणि तोडणीची वेळ झाली हे कोणी न सांगता कळते. आंब्यास मोहोर येतो, काजूखाली पडलेल्या फुलांचा मंद वास दरवळतो, फणसाच्या खोडावर कोवळ्या कुयऱ्या दिसू लागतात. सुरंगीची फुले तर फांद्यांनाच चिकटून उमलतात. घरातील मुले पहाटे उठून ती वेचतात, आणि गजरा सुकला तरी त्याचा सुगंध उरतो. या सुखास दाम पडत नाही, त्यासाठी दूर जावे लागत नाही. फक्त पाहणारे डोळे हवेत.

असल्या सुखास कोणी क्षुल्लक म्हणेल. परंतु श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी ऋतूंमध्ये वसंत ही आपली विभूती म्हणून सांगितली आहे, आणि नवव्या अध्यायात भक्तीने वाहिलेले पान, फूल, फळ व पाणी आपण स्वीकारतो असे आश्वासन दिले आहे. ही चारही माळ्याच्या हातची आहेत. सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचे संतश्रेष्ठ सावता महाराज (समाधी इ. स. १२९५) यांनी आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात, पण सावता महाराजांच्या भेटीस विठ्ठलाचीच पालखी अरणास जाते. आपले काम सोडून देव शोधावयास न गेलेल्या माळ्याचा हा केवढा सन्मान!

मात्र येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घेतला पाहिजे. देवापुढे ठेवलेला नैवेद्य वाटला गेला म्हणजे प्रसाद होतो. एकट्याने दडवून खाल्ला तर तो केवळ भोग. परसातील आनंदाचेही तसेच आहे.

आंब्याचा मोहोरच पाहा. एकेका तुऱ्यात शेकडो फुले असतात. त्यांतील बहुतेक गळून जातात आणि थोड्याच ठिकाणी फळ धरते. गळणाऱ्या फुलांसाठी झाड रडत नाही, आणि त्या फुलांवर मधमाशा व कीटक जगतात ते निराळेच. सगळेच आपल्या पदरात पडले पाहिजे हा हट्ट झाडास नाही. तो मनुष्यास आहे.

दुसरे उदाहरण आपल्या जोयडा तालुक्यातील कुणबी बंधुभगिनींचे. मुडली, कोन, कणगी असे नाना प्रकारचे गड्डे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. अलीकडे जोयडा येथे जानेवारीच्या सुमारास गड्ड्यांचा मेळा भरतो, तेव्हा दूरची माणसेही ते पाहून थक्क होतात. खणलेल्या गड्ड्यांतून बियाण्याचे गड्डे बाजूस काढताना दोन शेजारणीस द्यावेत, यात औदार्य तर आहेच, पण शहाणपणही आहे. एखाद्या वर्षी रानडुकरांनी आपले परस उकरले, तरी दिलेले बियाणे शेजारच्या घरून परत येते. जे वाटले तेच टिकले.

आता जे बोलावयाचे ते थोडे कठीण आहे. फाल्गुनात ओहोळ बारीक होतो, पाटाचे पाणी पाळीने घ्यावे लागते, आणि मोहोर पाहून हरखलेला मनुष्य रात्री उठून दुसऱ्याची पाळी आपल्या बागेकडे वळवतो. सकाळी वरच्या बागेत आळी भरलेली, खालच्या बागेत केळीची पाने लोंबलेली! त्या केळीचे पान देवापुढे मांडून आपण कोणता नैवेद्य वाढणार? अशा एका रात्रीमुळे दोन घरांचे येणेजाणे तुटते आणि उत्सवात पंगतीला ती घरे पाठ फिरवून बसतात. हे आम्हांस पाहवत नाही. काळी नदीचा उगम आपल्याच परिसरात आहे. येथे ती लहानसा प्रवाह आहे. परंतु पुढे पुढे देत जाऊन १८४ किलोमीटर वाहते आणि कारवारपाशी सागरास मिळते. उगमाशीच ती अडून बसती, तर तिचे डबके झाले असते.

बागेचे सुख कायमचे आहे असेही कोणी समजू नये. याच नदीवरील सुपे येथील धरण १९८७ साली पूर्ण झाले आणि जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले. तेथील परसांत आता कोणी फूल वेचावयास जाणार नाही. ज्यांच्या दारी आजही मोहोर येतो, त्यांनी तो कृतज्ञतेने पाहावा, मुलांस दाखवावा, आणि पणजीस वा बेळगावास नोकरीला गेलेला मुलगा शिगम्यास घरी आला की त्यासही हात धरून परसात न्यावे.

म्हणून या फाल्गुनात आपण सर्वांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पूजेसाठी फुले वेचताना झाड ओरबाडू नये. कळ्या उद्यासाठी व शेजाऱ्यासाठी ठेवाव्यात. बियाण्याचा एक तरी गड्डा दुसऱ्याच्या घरी पोचवावा. आणि आपली पाळी संपताच पाटाचा बांध स्वतःच्या हाताने खालच्या बागेकडे फोडून द्यावा. या तिसऱ्यात थोडे कष्ट अधिक आहेत. म्हणूनच त्याचे पुण्यही अधिक.

आपल्या सर्वांच्या परसांत फळ धरो आणि घराघरांत प्रेम नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

इति शुभम्।