तिकीट अर्धे, पायरी पूर्ण

आपल्याकडे अपंग माणसाच्या प्रवासाचा सरकारी विचार सुरू झाला तो तिकीट खिडकीवर. रेल्वेने सवलत दिली, एसटीने सवलत दिली, गाडीत खिडकीच्या वर ‘अपंगांसाठी राखीव’ असे रंगवले गेले. या सवलतींचे मोल कमी नाही. ज्याला रोजगार मिळणेच अवघड, त्याच्या खिशाला त्यांचा मोठा आधार असतो. पण साध्या लालपरीची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याइतकी उंच असते, तिच्यावर आणखी पायऱ्या असतात आणि दार इतके अरुंद की चाकाची खुर्ची आत जाणार नाही. राखीव आसन आहे ते या साऱ्याच्या पलीकडे. तिकीट अर्धे झाले, पायरी मात्र पूर्णच राहिली. अडचण पैशांची आहे असे धरून आपण उपाय शोधला. ती पायरीची आहे हे उमगायला कित्येक दशके गेली. ही उमज कशी येत गेली ते पाहिले, तर आज आपण नेमके कुठे अडलो आहोत तेही कळते.

त्याआधीचा काळ दयेचा. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा ही सोंगे येतात ती दान मागायला. रूपक अध्यात्माचे असले, तरी चित्र तेव्हाच्या समाजातलेच आहे. देवळाच्या पायरीवर बसलेला अपंग माणूस आपल्या नजरेला इतका सवयीचा झाला होता, की पायऱ्या चढून आत जावे असे त्यालाही वाटत असेल हे कोणाच्या मनात येत नसे. देणारा पुण्य जोडत राहिला आणि घेणारा कायम घेणाराच राहिला. महाराष्ट्रात या समजुतीला मोठा धक्का दिला तो बाबा आमट्यांनी. १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले आणि कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या हातांनी माळरानावर शेती पिकवली. पुढे कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली. त्या स्वतः ऐन तारुण्याच्या उंबरठ्यापासून चाकाच्या खुर्चीवर. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे. अपंग मुलांना शिकता यावे, स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, यासाठी त्यांनी वसतिगृहे आणि शाळा उभारल्या. दयेची जागा श्रमाने आणि शिक्षणाने घेतली. तरी एक प्रश्न उरलाच. संस्थेच्या आवारात उतार असतो. फाटकाबाहेर पडले की पुन्हा पायरी. माणूस तयार झाला, पण त्याला ज्या गावात जायचे ते गाव तयार नव्हते.

गावाने तयार व्हायला हवे, हा विचार अपंग माणसांनीच मांडला. १९७२ साली ब्रिटनमध्ये पॉल हंट यांनी ‘गार्डियन’ दैनिकाला पत्र लिहिले. अपंगांना समाजापासून दूर संस्थांत ठेवले जाते, याविरुद्ध आपण संघटित व्हावे, असे आवाहन त्यांनी केले होते. त्यातून एक संघटना उभी राहिली. तिच्यात दक्षिण आफ्रिकेतून आलेले विक फिंकेलस्टाइन होते. वर्णद्वेषाविरुद्ध लढल्याबद्दल ते तुरुंगात गेले होते आणि स्वतः चाकाची खुर्ची वापरत होते. माणसांना वेगळे काढून ठेवणारी व्यवस्था कशी चालते हे त्यांनी जवळून पाहिले होते. या संघटनेने १९७६ साली एक साधी पण सगळे उलटे करणारी मांडणी केली. शरीरातली उणीव ही एक गोष्ट. आणि त्या माणसाला जगण्यातून बाजूला सारणारी समाजाची रचना ही वेगळी गोष्ट. पाय चालत नाहीत हे शरीराचे झाले. टपाल कार्यालयात जाता येत नाही, ते मात्र ज्याने पायऱ्या बांधल्या त्याच्यामुळे. शरीर बदलणे वैद्याच्या हाती असते आणि कित्येकदा त्याच्याही हाती नसते. पायरी बदलणे आपल्या हाती आहे.

याच सुमारास हा विचार रस्त्यावरही उतरला. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जुलै १९७८ मध्ये १९ अपंग माणसांनी चौकात दोन बसगाड्या रोखून धरल्या, रात्रही तिथेच काढली. मागणी एकच होती, या बसमध्ये आम्हाला चढता आले पाहिजे. १९९० साली अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला, त्यामागे अशी अनेक आंदोलने होती. जपानमध्ये सुरुवात त्याहून शांतपणे झाली होती. सेइची मियाके यांनी आपल्या दृष्टी गमावणाऱ्या मित्रासाठी उठाव असलेली फरशी तयार केली आणि मार्च १९६७ मध्ये ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. आज आपल्या मेट्रो स्थानकांत दिसणारी पिवळी फरशी ती हीच. लांब उंचवटे म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, इथे वळण किंवा कडा आहे.

भारतात कायदा झाला तो डिसेंबर १९९५ मध्ये. रस्ते, इमारती, वाहने यांचा उल्लेख त्यात पहिल्यांदा आला, पण त्याला एक पळवाट जोडलेली होती: ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या सोयी कराव्यात. ही मर्यादा ठरवणारे तेच, ज्यांनी सोयी करायच्या. मग ती कधी ओलांडली जाणार? या कायद्यासाठी झटलेल्यांत जावेद अबिदी अग्रभागी होते. ते स्वतः चाकाची खुर्ची वापरत. पुढे विमानप्रवासातल्या अडचणी घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९८ मधल्या त्या निकालात दोन काळ शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे अंध प्रवाशांप्रमाणे ८० टक्के किंवा अधिक अस्थिव्यंग असलेल्यांनाही इंडियन एअरलाइन्सने भाड्यात सवलत द्यावी, हा आदेश. दुसरीकडे खुर्चीसह प्रवाशाला विमानाच्या दारापर्यंत नेणारी उचलगाडी आणि आसनांमधल्या अरुंद वाटेतून जाणारी छोटी खुर्ची यांची चर्चा. सवलतीची जुनी भाषा अजून होती, आणि वाट मोकळी करण्याची नवी भाषा शेजारी येऊन उभी राहिली होती.

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेची परिषद आटोपून ते दिल्लीला गेले, तेव्हा अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठपुराव्यामुळे लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर इथे लाकडी उतार बसवण्यात आले. उतार तात्पुरते होते, पण त्यांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली. पुरातन वास्तूला धक्का न लावता उतार घालता येतो; ज्याला यायचे आहे त्याचा मान मोठा वाटला पाहिजे, एवढेच. प्रश्न दगडाचा नव्हता, पाहुणा कोण आहे याचा होता. एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञासाठी जे झाले, ते परभणीहून सहलीला आलेल्या मुलासाठी का होऊ नये?

२००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांविषयीचा करार मान्य केला. त्याच्या नवव्या कलमात इमारती, वाहतूक आणि माहिती या तिन्हींची सुगमता ही राज्याची जबाबदारी मानली आहे. तरी फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर जिजा घोष यांना आसनावर बसल्यानंतर विमानातून उतरवण्यात आले. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्या गोव्याला निघाल्या होत्या, अपंगत्वाविषयीच्याच एका परिषदेसाठी. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी नवा कायदा आला. या कायद्याने नव्या इमारतीची परवानगीच सुगमतेच्या नियमांशी बांधली आणि जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी पाच वर्षांची मुदत घातली.

मुदत सरली, पायऱ्या राहिल्या. दृष्टिहीन कार्यकर्ते राजीव रतुरी यांनी २००५ पासून चालवलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दुखण्यावर नेमके बोट ठेवले. कायदा सक्तीचा होता. पण त्याखालच्या पंधराव्या नियमाने ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवले, त्यांची भाषा शिफारशीची होती. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान, बंधनकारक मानके वेगळी काढून तीन महिन्यांत ठरवा असे केंद्र सरकारला सांगितले. १९९५ च्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’पासून इथवर यायला २९ वर्षे लागली.

मानके का लागतात, हे एका उतारावरून कळते. उंचीच्या बारापट लांबी, हे उताराचे ठरलेले प्रमाण. सहा इंचांच्या तीन पायऱ्यांसाठी १८ फूट उतार हवा. प्रत्यक्षात दारासमोर जेवढी जागा उरली असेल, तेवढ्यात पाच-सहा फुटांत सिमेंट ओतले जाते. तो उतार एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. कागदावर काम पूर्ण झालेले असते. पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब रोवले जातात आणि त्यांच्यामधून चाकाची खुर्चीही जात नाही. मुंबईतल्या अशा खांबांची २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. याउलट मुंबईच्या लोकल फलाटावर अपंगांचा डबा जिथे थांबतो, तिथे सतत वाजणारी बीपची व्यवस्था पाहावी. गर्दीचा लोंढा, घोषणा, फेरीवाले या सगळ्या गलक्यात दृष्टिहीन प्रवासी त्या आवाजाच्या रोखाने चालत जातो आणि नेमक्या जागी उभा राहतो. तो कोणाला हात मागत नाही, कोणाला थांबवत नाही.

माझ्या मते सुगमतेची खरी कसोटी हीच आहे. मदत किती प्रेमाने मिळाली यापेक्षा, मागावी न लागता किती काम झाले हे मोजले पाहिजे. मदतीला धावणाऱ्या हातांची आपल्याकडे वाण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात चाकाची खुर्ची वापरणाऱ्या विराली मोदी यांना त्यांच्या लग्नाच्या दिवशी दोन मजले उचलून न्यावे लागले, कारण लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली आले नाहीत. उचलणारे हात मायेचेच होते. पण आपल्या लग्नाला स्वतःच्या खुर्चीवरून जाता येणे हा त्या नवरीचा अधिकार होता, आणि कितीही माया त्याची भरपाई करू शकत नाही.

‘पण वापरणारे आहेत किती?’ असा प्रश्न हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. ते रस्त्यावर दिसत नाहीत याचे कारण रस्त्यातच आहे. घर ते थांबा, थांबा ते गाडी, गाडी ते कचेरी, कचेरीतले स्वच्छतागृह, यातले एक ठिकाण जरी अडले तरी माणूस घरातूनच निघत नाही. म्हणून एकेका इमारतीला उतार लावून भागणार नाही, अख्खा मार्ग तपासला पाहिजे. आणि तो तपासायला चाकाची खुर्ची, पांढरी काठी, श्रवणयंत्र वापरणारी माणसेच हवीत. त्यांची सही झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. महापालिकांना आणि जिल्हा परिषदांना हे आजच करता येते, त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको.

दया झाली, पुनर्वसन झाले, सवलत झाली, कायदाही झाला. यातले काहीच वाया गेलेले नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आयुष्य वेचले म्हणून पुढची दिसली. आता उरले आहे ते अंमलाचे काम. सोलापूरच्या एखाद्या तरुणीला संध्याकाळी वाटले की उद्या मैत्रिणीकडे पुण्याला जावे, आणि कोणाला न विचारता, आधी फोनाफोनी न करता ती सकाळी निघाली, तर हक्क प्रत्यक्षात आला असे म्हणता येईल. तोवर सवलतीचे आकडे सांगून कोणत्याही सरकारने आणि आपणही समाधान मानू नये.