पराभव कोणाचा, शब्द कोणाचा?

औरंगपुऱ्यातल्या दुकानांत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं चाळली, तर इंग्रजी वाक्प्रचारांमध्ये ‘मीट वन्स वॉटर्लू’ हमखास भेटतो. समोर अर्थ असतो: निर्णायक पराभव होणे. अर्थ बरोबरच आहे. पण १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर हरला तो नेपोलियन. इंग्रजांनी तर प्रशियाच्या साथीनं मैदान मारलं होतं. तरीही त्यांच्या भाषेत वॉटर्लू म्हणजे हार. दुसऱ्याच्या पराभवाला असं रोजच्या बोलण्यात वापरणं जेत्यालाच परवडतं.

आपण मात्र स्वतःची जखम बोलण्यात आणली. १७६१ नंतर कुठलाही धुव्वा म्हणजे ‘पानिपत’ झालं आणि तिथं पडलेल्या विश्वासरावांच्या नावावरून ‘विश्वास पानिपतात गेला’ ही कडवट कोटीही रुळली.

वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन त्याआधी आपल्याच मुलखात लढला होता. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. अहमदनगरचा किल्ला घेऊन तो ऑगस्ट १८०३ अखेर औरंगाबादेत आला आणि २३ सप्टेंबरला असईजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर तुटून पडला. आज ते गाव जालना जिल्ह्यात आहे. पुढे आयुष्यातली सर्वांत सरस लढाई कोणती, असं विचारल्यावर त्यानं असईचंच नाव घेतल्याचं सांगतात.

तरीही ‘त्याची असई झाली’ असं कोणी म्हणत नाही. इंग्लंडच्या सामान्य माणसाला असई फार लांब. आणि आपल्याला? पानिपतानं मराठी मुलखात घरोघरी सुतक आणलं. असईत मुख्य मार खाल्ला तो शिंद्यांच्या पगारी कवायती पलटणींनी. त्यांत उत्तरेकडच्या शिपायांचा भरणा, अंमलदार युरोपीय. त्यांच्यासाठी इथं रडणार कोण? जिथं आक्रोश नाही, तिथं वाक्प्रचारही रुजत नाही, असं मला वाटतं.

हिशेब मात्र उलटा आहे. पानिपतानंतर दहाच वर्षांत, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. असईच्या वर्षी, डिसेंबरात सुर्जी-अंजनगावला तह झाला आणि शिंद्यांच्या हातून दिल्ली व गंगा-यमुनेचा दुआब गेला, तो कायमचा. जे नुकसान भरून निघालं, त्याला आपल्याकडे शब्द आहे. जे निघालं नाही, ते बोलण्यातूनही निसटलं.