अभाव हाही पदार्थच

जमिनीवर घडा नाही असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय दिसलेले असते? प्राभाकर मीमांसकांचे उत्तर सरळ होते: दिसते ती नुसती जमीन, ‘घड्याचा अभाव’ नावाचे वेगळे काही तिथे नसते. वैशेषिक दर्शनाच्या कणादांच्या यादीत सहाच पदार्थ, म्हणजे जे जे आहे त्याचे मूलभूत प्रकार, होते. पुढे न्याय-वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानले. शिवादित्यांच्या ग्रंथाचे तर नावच ‘सप्तपदार्थी’. हा वाद नुसता शब्दांचा कीस नव्हे. इंधनघटाच्या सिरॅमिक थरात तो आजही जिवंत आहे, आणि तिथला पुरावा नैयायिकांच्या बाजूने बोलतो.

घन ऑक्साइड इंधनघटात हवेकडच्या इलेक्ट्रोडसाठी लॅन्थनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोह यांचे मिश्र ऑक्साइड वापरतात. ते नीट पारखायचे तर त्याचा पातळ थर बनवतात. निर्वात कक्षात थोडा ऑक्सिजन सोडून सिरॅमिकच्या टिकलीवर लेसरचे स्पंद मारले की उडालेले द्रव्य समोरच्या तापलेल्या स्फटिकावर बसत जाते आणि जेमतेम 100 नॅनोमीटरचा गुळगुळीत थर तयार होतो. लॅन्थनमच्या आयनावर तीन धन प्रभार असतात, त्याची जागा घेणाऱ्या स्ट्रॉन्शियमवर दोनच. ही तूट भागवताना, विशेषतः तापमान चढल्यावर, जाळीतल्या ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या पडतात. हवेतला ऑक्सिजन आत शिरतो तो याच जागांच्या आधाराने: शेजारचा आयन रिकाम्या जागी उडी घेतो आणि मागे स्वतःची जागा रिकामी ठेवतो. ऑक्सिजन गेला की जाळी किंचित फुगते, आणि क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखावर शिखर सरकलेले दिसते. जे नाही, त्याची खूण अशी कागदावर उमटते.

प्राभाकर म्हणतील, हलतो तो ऑक्सिजनच. रिकामी जागा ही केवळ हिशेबाची सोय. मग सगळ्या जागा भरून पाहाव्यात. ऑक्सिजन कमी होत नाही, उलट वाढतो. तरीही या उड्या थांबतात. जे असताना कार्य घडते आणि नसताना घडत नाही, त्याला कारण म्हणायचे नाही तर कशाला? शिवाय या जागांना स्वतःचे नियम आहेत. याच घटांत वापरल्या जाणाऱ्या, इट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियात आयनांचे वहन इट्रिया 8 मोल टक्क्यांच्या आसपास असताना सर्वाधिक असते. त्यापुढे रिक्त जागा वाढूनही ते घटते, कारण त्या एकमेकींत आणि शेजारच्या आयनांत अडकतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही रिकामी जागा म्हणजे निखळ शून्य नव्हे, चहूबाजूंनी आयनांनी वेढलेले ते एक ठिकाण आहे. हे मान्यच करायला हवे. पण नैयायिकांनी तरी निराधार शून्य कधी मांडले? त्यांचा अभाव नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो. त्याला प्रतियोगी लागतो आणि अधिकरणही लागते. इथे प्रतियोगी ऑक्सिजन, अधिकरण जाळीतली जागा. धर्मकीर्तींनी सत्याची कसोटी ठरवली ती अर्थक्रियेची: जे कार्य घडवते तेच खरे. अभावाला स्वतंत्र वस्तू न मानणाऱ्या बौद्ध परंपरेच्याच या कसोटीवर ही रिकामी जागा उतरते. यावरून विश्वाच्या मुळाशी शून्य आहे असे सिद्ध होत नाही, आणि तसा दावाही नाही. एवढेच ठरते की असलेल्यांचीच यादी करून जगाचा हिशेब पुरा होत नाही. त्या थरात कुठे काय नाही, हेही लिहावे लागते.