तारखेच्या रांगेत

प्रतीक्षेसाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि ते एकसारखे नाहीत. ‘वाट पाहणे’ या शब्दांत डोळ्यांसमोर वाट असते. कोणीतरी येणार आहे, एवढे निश्चित असते. ‘तिष्ठणे’ या शब्दात वाट नाही, उंबरठा आहे. दार दुसऱ्याच्या हाती आणि आपण बाहेर उभे. ‘ताटकळणे’ म्हणजे त्या उभे राहण्याने पायांना रग लागणे. परदेशात कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करून निर्णयाची प्रतीक्षा करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे तिन्ही शब्द एकामागून एक येतात. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत आज असा एखादा मुलगा, एखादी लेक वा जावई आहे. म्हणून या प्रतीक्षेचा नैतिक अंगाने विचार करणे अगत्याचे वाटते. निर्णय येईपर्यंतचा काळ हा आयुष्याचाच भाग आहे, की आयुष्य सुरू होण्यापूर्वीचा नुसता खोळंबा? आणि त्या काळापुरते कोण कोणाचे काय देणे लागतो?

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण भारतीयांची रांग तेथे फार लांब आहे. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर दरवर्षी सुमारे १,४०,००० कायम परवाने, म्हणजे आपण ज्याला ग्रीन कार्ड म्हणतो ती, ठरवून दिली. या आकड्यात अर्जदाराची पत्नी वा पती आणि मुलेही धरली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक परवाने मिळत नाहीत. देश चिमुकला असो की भारताएवढा, मर्यादा तीच. मालकाने कामगारासाठी पहिला कागद दाखल केला की त्याला एक तारीख मिळते. मग दर महिन्याला सरकारचे एक पत्रक निघते आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली, ते त्यात छापलेले असते. २०२४ च्या अखेरीस उच्चशिक्षित भारतीयांच्या गटातील ही तारीख २०१२ सालातच होती. ती पुढे सरकतेच असे नाही. कधी कधी ती मागेही जाते.

यातील ‘देश’ ठरतो तो पासपोर्टावरून नव्हे, तर जन्मस्थानावरून. समजा, वसईच्या एका घरातील थोरला मुलगा वडील आखातात नोकरीस असताना कुवेतमध्ये जन्मला आणि धाकटा वसईच्या इस्पितळात. दोघांचे शिक्षण एक, पेशा एक, अर्जाचा दिवसही एक. तरी थोरला धाकट्याच्या कितीतरी आधी मोकळा होईल आणि धाकटा रांगेतच राहील. ज्या गोष्टीत दोघांचाही काही हात नव्हता, तिने त्यांच्या आयुष्याचे माप ठरविले.

हा नियम केवळ दुष्टाव्यातून जन्मला, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना दार बंद केले होते. १९४६ मध्ये ते किंचित उघडले, ते वर्षाला अवघ्या १०० भारतीयांसाठी. १९६५ च्या कायद्याने वंश आणि मूळ देश पाहून केलेली ती जुनी वाटणी मोडीत काढली. सर्व देशांना सारखी मर्यादा लावणे हे त्या काळी न्यायाचे पाऊल होते. परंतु देशादेशांतील समता म्हणजे माणसामाणसांतील समता नव्हे. मोठ्या घरात आणि लहान घरात सारखेच ताट वाढले, तर वाढणाऱ्याला आपण न्याय केला असे वाटते; मोठ्या घरातील मुले मात्र अर्धपोटी उठतात. न्यायासाठी केलेला नियम कालांतराने अन्यायाचे साधन होऊ शकतो, ही गोष्ट नियम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

येथे कोणी म्हणेल, आपल्या घरात कोणाला घ्यावे हे ठरविण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. जो स्वखुशीने गेला, त्याने तक्रार का करावी? आक्षेप बिनतोड वाटतो आणि त्यात तथ्यही आहे. नकार देण्याचा हक्क आपण मान्य करू. पण येथे नकार दिलेलाच नाही. माणसाला कामासाठी आत घेतले, त्याच्या श्रमाचा लाभ घेतला, त्याच्याकडून वर्षानुवर्षे कर घेतला आणि ‘हो’ वा ‘नाही’ यांपैकी काहीच सांगितले नाही. अमेरिकन विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात प्रवेश नियंत्रित करण्याचा राष्ट्राचा हक्क मान्य केला आहे. परंतु ज्यांना राहून काम करण्यासाठी आत घेतले, त्यांना नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवलाच पाहिजे, असे त्यांनी तेथेच आग्रहाने मांडले. कॅनडातील तत्त्वचिंतक जोसेफ कॅरेन्स याच दिशेने पुढे जातात. माणूस एखाद्या ठिकाणी जितका अधिक काळ राहतो, तितकी त्याची मुळे तेथे रुजतात आणि तितका त्याचा तेथील हक्क बळावतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. काळ हा केवळ कॅलेंडरचा विषय नाही. काळाला नैतिक वजन असते.

ते वजन कोठे जाणवते? नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यास किंवा गाशा गुंडाळण्यास साधारणतः ६० दिवस मिळतात. म्हणून वरिष्ठाचा अपमान गिळून माणूस त्याच मेजाशी बसून राहतो. अर्जाच्या काही टप्प्यांवर पूर्वपरवानगीवाचून देश सोडल्यास अर्जच सोडून दिला असे धरले जाऊ शकते. म्हणून गावाकडे आई अत्यवस्थ असताना मुलगा तिकिटाऐवजी आधी वकिलाला फोन करतो. मुलाने वयाची २१ वर्षे ओलांडली की कायद्याच्या लेखी ते ‘मूल’ राहत नाही. २००२ च्या कायद्याने त्यातून काही दिवस वजा करण्याची सवलत दिली आहे, परंतु ती सर्वांना पुरत नाही. बापाच्या रांगेत वाढलेला मुलगा मग बापाची पाळी येण्याआधीच त्या रांगेबाहेर फेकला जातो. शेतकरी पावसाची वाट पाहतो, पण मृगाचा अदमास त्याला असतो. कैद्यालाही शिक्षेची मुदत ठाऊक असते. नकार मिळालेला माणूस रडतो आणि दुसऱ्या वाटेला लागतो. या रांगेतील माणसाला मुदत नाही आणि नकारही नाही.

अशा वेळी त्याला सहनशीलतेचा उपदेश करणे सोपे असते. सहनशीलता हा सद्‌गुण खराच. पण सहनशीलता म्हणजे मौन नव्हे. २००७ च्या जुलै महिन्यासाठी जवळजवळ सर्व नोकरी-गटांच्या तारखा खुल्या झाल्याचे अमेरिकन सरकारने जाहीर केले. हजारो कुटुंबांनी धावपळ करून कागदपत्रे आणि वैद्यकीय तपासण्या पूर्ण केल्या. २ जुलै रोजी ती घोषणा मागे घेण्यात आली. या लोकांना तेथे मताचा अधिकार नव्हता. ‘लगे रहो मुन्नाभाई’ हा चित्रपट आदल्याच वर्षी येऊन गेला होता. त्यातील गांधीगिरीचे स्मरण ठेवून त्यांनी संबंधित खात्याच्या संचालकांकडे फुलांचे गुच्छ पाठविले. संचालकांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयात धाडली. १७ जुलै रोजी सरकारने निर्णय फिरविला आणि अर्ज स्वीकारले. परवाने काही लगेच मिळाले नाहीत. परंतु आम्ही येथे आहोत, एवढे त्यांनी कोणाचाही अवमान न करता सांगितले. संयमाला वाणी असू शकते, हे त्यातून दिसले.

शासनाचे देणे असे आहे. पण रांगेतील माणूस स्वतःचेही काही देणे लागतो आणि तो भाग अधिक नाजूक आहे. दीर्घ प्रतीक्षेत मनाला एक सवय जडते: हे सारे तात्पुरते आहे. घर भाड्याचे, म्हणून भिंतीला खिळा ठोकायचा नाही. शेजाऱ्यांशी ओळख वाढवायची नाही, कारण उद्या कोठे असू ठाऊक नाही. गावाकडे आले तरी परतीची तारीख मनात. तेथेही पाहुणा, येथेही पाहुणा. कार्ड आल्यावर संसार थाटू, कार्ड आल्यावर आईबाबांना बोलावू, असे म्हणता म्हणता आईबाबा थकतात आणि मुले मोठी होतात. परवान्याचा निर्णय सरकारच्या हाती आहे, हे खरे. परंतु आजचा दिवस खरा की खोटा, हा निर्णयही आपण त्याच कचेरीच्या स्वाधीन करून टाकतो.

बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याचे चरित्र येथे मार्गदर्शक ठरते. बाबेलात नेलेले बंदिवान दोन वर्षांत परत येतील, असे हनन्या यरुशलेमेत लोकांना सांगत होता. ऐकायला ते किती गोड! यिर्मयाने मात्र पत्र पाठवून सत्तर वर्षांची गोष्ट सांगितली. तेथे घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याचे भले चिंता, असा त्याचा उपदेश होता. परतीची आशा त्याने पुसली नाही. फक्त आजचा दिवस त्या आशेकडे गहाण टाकू दिला नाही. ‘पुढच्या वर्षी नक्की सुटेल’ असे दरवर्षी सांगणारे हनन्या आजही प्रत्येक रांगेभोवती असतात. खोटी आशा क्रूर असते, कारण ती माणसाला रुजू देत नाही.

राहिले आपण, मागे राहिलेले. सुटीवर आलेल्या मुलाला मिस्सानंतर चर्चच्या आवारात पहिला प्रश्न ‘कार्ड आले का?’ असाच विचारला, तर त्याच्या आयुष्याचे मोल आपणही त्या कार्डावरच ठरविले, असे होते. मुले कशी आहेत, तेथे शेजारी कोण आहेत, हे आधी विचारता येते. आणि आपल्या दाराशीही कोणी तिष्ठत नाही ना, हे पाहता येते. वसई-विरारच्या खोल्यांत अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर वर्षानुवर्षे राहणारी परगावची कुटुंबे आपल्या बागांत, दुकानांत, बांधकामांवर राबतात. आपण त्यांना ‘बाहेरचे’ म्हणतो आणि नावाने क्वचितच हाक मारतो. परक्या देशाने आपल्या मुलाला दीर्घ वास्तव्याचे फळ द्यावे, अशी अपेक्षा धरणाऱ्याने दहा वर्षे आपल्या गल्लीत राहिलेल्या माणसाला कोणत्या मापाने मोजावे?

न्यूजर्सीतील मुलाच्या अर्जावर सही करणे आपल्या हाती नाही. गल्लीतील त्या बिऱ्हाडाला सणाच्या दिवशी घरी जेवायला बोलाविणे आपल्या हाती आहे आणि त्यासाठी कोणत्याही पत्रकाची वाट पाहावी लागत नाही.