देऊळ फिरले, श्रोत्यांचे काय?

औंढ्या नागनाथाच्या देवळात नंदी देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे. त्याची कथा आपल्या भागात लहान लेकरालाही ठाऊक असते. नामदेवराय देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांच्या जातीवर बोट ठेवले आणि तिथून उठवले. नामदेवराय कुणाशी भांडले नाहीत. देवळाच्या पाठीमागे गेले आणि तिथे पुन्हा कीर्तन मांडले. तेव्हा देवानेच देऊळ फिरवले आणि आपले तोंड भक्ताकडे केले. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत, त्यांतही देऊळ फिरल्याचा हा प्रसंग आला आहे. नामदेवरायांची नर्सी आणि नागनाथाचे औंढा ही दोन्ही गावे आज हिंगोली जिल्ह्यात असली, तरी १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यातलीच. म्हणजे ही कथा आपल्या घरची आहे.

कथा ऐकताना आपले लक्ष देवाकडे जाते, नामदेवरायांकडे जाते. फार तर पुजाऱ्यांचा राग येतो. पण त्या जागी आणखीही माणसे होती, ती आपल्या नजरेतून सुटतात. कीर्तन म्हटले की श्रोते आलेच. नामदेवरायांना उठवले तेव्हा त्या श्रोत्यांतले किती जण उठून त्यांच्यामागे गेले? कितींनी मान खाली घातली? कथा ते सांगत नाही. संसारात आपली जागा मात्र बहुतेक वेळा तिथेच असते. आपण नामदेवराय नसतो आणि हाकलणारे पुजारीही नसतो. आपण बसलेले श्रोते असतो.

माणसाला जन्मावरून हलके ठरवण्याचा रोग केवळ आपल्याच देशात झाला असे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो कातडीच्या रंगावरून होता. तिथल्या अलाबामा राज्यातल्या हार्पर ली या लेखिकेने १९६० साली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ नावाची कादंबरी लिहिली. जगभर ती वाचली गेली. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा खोटा आळ येतो. अ‍ॅटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू मांडतो. आरोप खोटा आहे हे कोर्टात दिसत असते. तरी पंच सगळे गोरे, निकाल टॉमच्या विरुद्ध जातो आणि पुढे तुरुंगातून पळताना टॉम मारला जातो. खटला हरणार हे अ‍ॅटिकसला आधीपासून माहीत होते. तरी तो उभा राहिला. गावाने त्याला नावे ठेवली, त्याच्या लेकरांना शाळेत टोमणे ऐकावे लागले. ज्यांच्यात तो वाढला, ज्यांच्याशी त्याचा रोजचा रामराम, त्यांच्याच समोर तो उभा राहिला होता. तो बसलेल्या श्रोत्यांतून उठलेला माणूस होता.

शत्रूसमोर छाती काढणे त्या मानाने सोपे. मागे आपली माणसे असतात, शाबासकी असते. आपल्याच पंगतीतून उठावे लागते तेव्हा मागे कोणी नसते. नैतिक धैर्य म्हणतात ते हेच, आणि म्हणूनच ते दुर्मीळ.

आपल्या पंढरीत असा प्रसंग फार लांबच्या काळात घडलेला नाही. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना दरड कोसळून गेले, ते साल १३३८ मानतात. नामदेवराय तिथे गेले, विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून त्यांनी चोखोबांच्या अस्थी ओळखल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी केली, अशी आपली परंपरा सांगते. आपण आधी त्या समाधीवर डोके ठेवतो, मग नामदेव पायरीला हात लावतो, मग आत जातो. पण चोखोबांच्या लेकरांची वारी शतकानुशतके त्या समाधीपाशीच संपत होती. १३३८ ते १९४७ म्हणजे सहाशे नऊ वर्षे. या काळात किती आषाढ्या आणि किती कार्तिक्या झाल्या असतील! टाळ मृदंग वाजत होते, समतेचे अभंग गायले जात होते आणि दारातून माणसे परत फिरत होती. गाणाऱ्यांचे मन वाईट होते असे नाही. ते बसलेले श्रोते होते.

साने गुरुजींना हे सहन झाले नाही. देश स्वतंत्र व्हायच्या उंबरठ्यावर आहे आणि विठ्ठलाचा उंबरठा मात्र काहींना बंद आहे, ही गोष्ट त्यांना खात होती. त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केले. विरोध मोठा होता. गांधीजींनाही त्यांच्यापर्यंत पोचलेल्या माहितीवरून हे उपोषण योग्य वाटले नाही, त्यांनी ते सोडावे असे कळवले. ज्यांना गुरू मानले त्यांचाही निरोप असा आला, तरी गुरुजी ढळले नाहीत आणि त्यांच्याविषयी कडवटही झाले नाहीत. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले.

गुरुजींचे नाव सर्वांना माहीत आहे. मला इथे आणखी एक नाव घ्यायचे आहे. हे उपोषण झाले ते तनपुरे महाराजांच्या मठात. तनपुरे महाराज वारकरी, पंढरीत राहणारे, संप्रदायातले. मठ भाविकांच्या श्रद्धेवर चालतो. एकदा लोकांचे मन फिरले की शिधा बंद होतो आणि दिंडी दुसरीकडे उतरते. हे त्यांना कळत नसेल असे कसे म्हणावे? तरी त्यांनी दार उघडले. गुरुजी बाहेरून आले होते, उपोषण सुटल्यावर ते जाणार होते. तनपुरे महाराजांना त्याच गल्लीत, त्याच माणसांत राहायचे होते. देवळाचे दार उघडण्याआधी दहा दिवस पंढरीत एक दार उघडले होते ते हे.

मंदिर उघडले तेव्हा काही मंडळींनी मूर्तीतले देवत्व घागरीत काढून घेतल्याची हकीकत सांगतात. काहींनी पुढे गाभाऱ्यात जाणेच सोडले. पाहा, मनातला भेद काढण्यापेक्षा दगडातला देव काढणे माणसाला सोपे वाटले! आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पंढरपूर मुंबई इलाख्यात. सरहद्द ओलांडून वारीला जाणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी १९४७ नंतर पंढरीत उघडे दार पाहिले. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता सगळ्या देशातून रद्द केली. कायद्याला जे करता येते ते झाले. उरले ते आपले काम.

इथे एक सावधगिरी हवी. त्या कादंबरीत गोष्ट सांगणारी अ‍ॅटिकसची लेक आहे, त्यामुळे मोठेपण सगळे अ‍ॅटिकसला मिळते. टॉमला स्वतःचे असे बोलायला फार थोडी जागा आहे. आपल्या परंपरेत तसे नाही. चोखोबा स्वतः बोलले. सोयराबाई बोलल्या, बंका बोलले, कर्ममेळा तर देवाला रोखठोक विचारतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ अर्पण केला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना. गंगाखेडच्या जनाई दासी म्हणून राबल्या, पण त्यांचे अभंग त्यांचेच आहेत. तेव्हा उठून उभे राहणाऱ्याने आपण कुणाचा उद्धार करतो आहोत असे समजू नये. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी कधीच तोंड उघडलेले आहे. ऐकणारे कान बंद होते.

त्या कादंबरीतला एक प्रसंग मात्र वारकऱ्याने ध्यानात ठेवावा. टॉमला मारायला रात्री जमाव तुरुंगाशी येतो. अ‍ॅटिकस दिवा घेऊन दाराशी एकटा बसलेला. तेवढ्यात त्याची लहानगी मुलगी तिथे येते. जमावातला एक चेहरा ओळखून ती त्याला नावाने हाक मारते आणि त्याच्या मुलाची चौकशी करते. तो माणूस वरमतो, सगळ्यांना परत फिरायला सांगतो. नावाने हाक मारताच जमावातून माणूस बाहेर आला.

आपणही वारीत अनोळखी माणसाला ‘माऊली’ म्हणून हाक मारतो, त्याच्या पाया पडतो. शेगावची पालखी परभणी, गंगाखेडवरून पुढे परळीकडे जाते, तेव्हा पाणी देणाऱ्या हाताची जात कुणी विचारत नाही. ही मोठी कमाई आहे. पण एकादशी होते, काला होतो, आपण गावी परततो. गावच्या सप्ताहात वाढपी कोण असावा यावर कुजबुज होते. स्मशानाची वाट वेगळी ठेवायची की नाही यावर बैठक बसते. वीणा कुणाच्या गळ्यात द्यायचा हे ठरते. आपल्या समोर कुणीतरी मागे जा म्हणून सांगतो आणि ज्याला सांगितले तो मुकाट्याने मागे जातो. आपली परीक्षा तिथे असते, वाळवंटात नसते.

त्या वेळी भांडण नको, शिव्याशाप नकोत. नामदेवरायांनी तसे काही केले नव्हते. एवढेच करावे की आपली जागा सोडावी, उठावे आणि जिकडे त्या माणसाला पाठवले तिकडे जाऊन त्याच्याशेजारी बसावे. चार माणसे नाराज होतील. पुढच्या वर्षी कदाचित आपल्याला बोलावणार नाहीत. ही किंमत द्यावी लागते हे आधी ओळखूनच उठावे. आणि मन कचरले तर त्या बंद दाराबाहेर सहाशे वर्षे थांबलेल्या वारकऱ्यांना आठवावे.

रामकृष्णहरी.