ताणानंतरचं पाणी

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब गावी १६०८ साली नारायण सूर्याजी ठोसर जन्मला. पुढे तो समर्थ रामदास झाला आणि गावाचं नावही जांब समर्थ झालं. मनाविषयीची मराठी माणसाची पहिली समजूत त्याच्या ‘मनाच्या श्लोकां’नी घडवली, असं म्हणायला हरकत नसावी. मन म्हणजे आपल्यातच राहणारं एक कुणीतरी. त्याला गोंजारावं, दटावावं, वळण लावावं. दोनशे पाच श्लोक हेच चाललेलं असतं.

पण याच जांबची एक आख्यायिकाही आहे. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून पळाला आणि आई राणूबाई रडून रडून आंधळी झाली. चोवीस वर्षांनी मुलगा दारात आला, त्यानं डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं. तेव्हा ती विचारते, ही कुठली भूतविद्या शिकून आलास बाबा? समर्थांनी त्याचं उत्तर अभंगात दिलं, असं सांगतात. गोष्ट घडली की रचली, या वादात मला रस नाही. पण चोवीस वर्षांत गावानं त्या बाईला थोडं का समजावलं असेल? तिच्या डोळ्यांना उपयोग झाला तो समोर येऊन बसलेल्या माणसाचा. आणि दिसू लागताच तिला सुचलं ते भूत. समजावणं, भूत आणि जवळ बसलेलं माणूस. मनाच्या दुखण्याबद्दल पुढच्या चारशे वर्षांत इथे जे काही झालं, ते बहुतेक या तिघांभोवतीच झालं.

समजावणं अजून जोरात आहे. ‘टेन्शन घेऊ नको’, ‘मन घट्ट कर’, ‘लोकांनी याच्याहून वाईट दिवस काढले’. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं, की दुखणं आपल्याच ढिलाईचं आहे. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याच्या डोक्यावर आता अपराधाचंही ओझं येतं.

भुताचं तसं नव्हतं. ‘बाहेरचं झालंय’ म्हटलं की दोष त्या माणसाचा उरत नाही. घरची मंडळी एकत्र येतात, गाडी करतात, देवस्थानी किंवा दर्ग्यावर नेऊन चार-आठ दिवस सोबत राहतात. तामिळनाडूतल्या एका देवळात मुक्कामाला आलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी आर. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. ती २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. तिथे अंगारा-धुपाऱ्याचा खास विधी नव्हता, मारझोड तर नव्हतीच. तरी लक्षणं सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास उतरली. पण त्याच तामिळनाडूत, एरवाडीच्या दर्ग्याजवळ, ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळदंडांत जखडलेली २८ माणसं होरपळून मेली. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. तेव्हा देवळाचं कौतुक मी मोजूनमापूनच करतो. गुण आला तो सोबतीचा. श्रेय मात्र दरवेळी भूत उतरवणाऱ्याच्या पदरात पडलं.

आणखी एक वाट होती, मनोरुग्णालयाच्या भिंतीची. आज जालन्यात फार थोड्यांना ठाऊक असेल, की निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय काही काळ याच शहरात होतं. १९५३ मध्ये ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात गेलं. वेळ मोठी चमत्कारिक होती. वर्षभरच आधी, १९५२ मध्ये, पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देऊन पाहिलं होतं आणि वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं घरी जाऊ शकतात, हे जगाला कळू लागलं होतं. म्हणजे भिंतीला पर्याय सापडत होता, तेव्हा जालन्याची भिंत गेली. पर्याय मात्र आला नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. मंठ्याच्या माणसाला येरवडा गाठायचं तर तीनशेच्या वर किलोमीटर. पेशंट सांभाळत एवढी एसटी केलेल्या घराला विचारावं, की परत दाखवायला कितीदा गेलात.

दिल्लीत कागद हलत होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ मध्ये कर्नाटकातल्या बेल्लारीच्या धर्तीवर जिल्हा कार्यक्रम. डॉक्टरनं गावाजवळ यावं, ही कल्पना उत्तम. गावापर्यंत ती रखडत आली.

जालन्यात या विषयाला धार आली ती २०१२-१३ च्या दुष्काळानं. मोसंबीची बाग धरायला पाच-सहा वर्षं लागतात. त्या उन्हाळ्यात टँकरनं बागा जगवताना माणसं खचली, आणि शेवटी वाळलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. दरम्यान शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा वाद दोन टोकांना गेला होता. एक म्हणे, हा कर्जाचा आणि भावाचा प्रश्न आहे, मनाचं नाव काढणं ही सरकारची पळवाट. दुसरा म्हणे, कर्ज तर शेजाऱ्यावरही आहे, मग हाच का? २०१५ मध्ये राज्यानं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात जालनाही आला. आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारायचं: झोप लागते का, जेवण जातं का, कशात जीव रमतो का, जगणं नको वाटतं का. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण आहे, कारण इथे पहिल्यांदा सांगणाऱ्याऐवजी विचारणारं माणूस दारात आलं. तेही गावातलंच, ज्याच्या समोर ‘डोक्याचा डॉक्टर’ हे शब्द उच्चारावे लागत नाहीत.

विचारण्यानं काय होतं, याचा पुरावा विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात आहे. ‘विश्राम’ या उपक्रमात तीस गावांत असंच काम झालं आणि निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. कर्जं तीच होती, पाऊसही तसाच लहरी.

अशा उपक्रमातला समुपदेशक समोर बसून काय करतो? उपदेश तर नाहीच. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवलेली एक पद्धत आहे. मन ताळ्यावर आलं की कामाला लागू, असं आपण म्हणतो. ही पद्धत क्रम उलटा धरते. वहीचं एक पान घ्यायचं. सकाळी काय केलं, दुपारी काय केलं, तेव्हा कसं वाटलं. ‘पडून होतो’, ‘पडून होतो’, ‘म्हशीला पाणी दाखवलं, बरं वाटलं थोडं’. मग पुढच्या आठवड्यासाठी तेवढंच एक धरायचं: रोज म्हशीला पाणी आपणच दाखवायचं, आणि संध्याकाळी एकदा पारापर्यंत जाऊन यायचं. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण उमेद आधी आतून उगवते आणि मग हात हलतात, हे आपलं गृहीतक इथे मोडतं.

यातूनच आत्महत्या हा कर्जाचा आणि भावाचा प्रश्न आहे म्हणणाऱ्या पक्षाचं म्हणणंही अर्धं खरं ठरतं. हात हलवायला काम लागतं. जालना तालुक्यातल्या कडवंची गावात १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं पाणलोटाचं काम झालं. पुढे शेततळी आली, द्राक्षं आली, आणि २०१२ च्या दुष्काळातही गाव उभं राहिलं. शेततळ्यानं नैराश्य बरं होतं, असं मी म्हणणार नाही. पण सकाळी उठून जायला जिथे हिरवं काही आहे, तिथे वहीच्या त्या पानावर लिहायला काहीतरी असतं.

आता राहिला तो लाडका विचार, की दुःख माणसाला घडवतं. १९९६ मध्ये रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतरच्या वाढीची मोजपट्टी मांडली. नाती घट्ट होणं, स्वतःच्या ताकदीचा अंदाज येणं, नव्या वाटा दिसणं, असं ती मोजते. पण वाढ आघातातून येते, असं त्यांनी म्हटलेलंच नाही. ती आघाताशी झालेल्या झटापटीतून येते, आणि सगळ्यांच्या वाट्याला येतही नाही. हे जालन्याच्या बागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. आंबे बहार धरायचा तर तो मोसंबीला ताण देतो. पाणी तोडतो, पानं पिवळी पडतात, काही गळतात. हलक्या जमिनीला कमी दिवस, भारी जमिनीला जास्त. मग बेतानं पाणी सोडलं की झाड फुलतं. पाणी सोडायला उशीर केला तर फूल राहतं बाजूला, झाडच जातं. आणि २०१३ मध्ये तोडलेल्या बागांना ताण काही कमी मिळाला नव्हता. आजारातून उठलेल्या माणसाला ‘या अनुभवानं तू किती शिकलास’ असं म्हणण्याचा हक्क म्हणूनच मला कुणाचाच वाटत नाही, त्याचा स्वतःचा सोडून.

कायदाही उशिरा का होईना वळला. विषारी औषध घेतलेल्या माणसाला दवाखान्यात आणल्यावर नातेवाईक ‘चुकून पोटात गेलं’ म्हणत, कारण आत्महत्येचा प्रयत्न हा इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं ठरवलं, की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची. हा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे. रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तरी ‘चुकून पोटात गेलं’ हे वाक्य अजून ऐकू येतं.

राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यासाठी ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. १९५३ मध्ये जे गेलं, ते नव्या रूपात परत येऊ घातलंय, याचं स्वागतच आहे. तीव्र आजारात खाट लागतेच. माझी काळजी खाटेवरून उठून घरी गेलेल्या माणसाची आहे. त्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालणार. त्या जर फक्त जालन्याला मिळणार असतील, तर जाफराबाद किंवा परतूरच्या माणसाची महिन्याला एक मजुरी बुडणार, सोबत येणाऱ्याची दुसरी, वर भाडं. तिसऱ्या महिन्यात सोयाबीनची काढणी लागली, की गोळ्या सुटणार. आठही तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी मानसोपचाराची ओपीडी आणि गोळ्यांचा साठा असेल, आणि गोळ्या न्यायला कोण आलं नाही याची यादी त्या गावच्या आशाताईच्या हातात त्याच आठवड्यात पडेल, एवढी तजवीज त्या ३६५ खाटांच्या आधी व्हायला हवी.